रेस केली की उजेड, थांबलं की अंधार

प्रश्न : माझ्याकडे १०० सीसीची जुनी मोटारसायकल आहे. साखर कारखान्यात पाळीला असतो. रात्री घरी परतताना मागे एक सोबती असतो. रस्ता अरुंद डांबरी, दोन्ही बाजूंनी ऊस, हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या. गाडी रेस केली की हेडलाइट लख्ख होतो आणि स्पीडब्रेकरपाशी हळू झालो की पिवळा पडून जवळजवळ विझतो. खड्डा बघायची गरज असते नेमकी तेव्हाच उजेड जातो. बॅटरी नवी टाकली, काही फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो, मोठा बल्ब टाकून देतो. हे असं का होतं आणि उजेड कशाने वाढेल?
— एक वाचक, माळशिरस

उत्तर : बॅटरी बदलून फरक पडला नाही, ही तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची माहिती. तुमचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. १९८५ साली हीरो होंडा सीडी १०० आली आणि तिच्यामागून १०० सीसीच्या गाड्यांची जी पिढी आपल्याकडे रुजली, तिच्यातल्या बहुतेक गाड्यांत हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट बॅटरीवर आणि हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या कॉइलवर अशी वाटणी होती. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू करा. हॉर्न वाजतो, इंडिकेटर लुकलुकतात, पण पासिंगचं बटण दाबूनही हेडलाइट लागत नाही, असं असेल तर दिवा कॉइलवरचा समजा.

ज्यांनी सायकलला डायनॅमो लावून शाळा-कॉलेज केलं त्यांना हा खेळ ठाऊक आहे. पायडल जोरात मारलं की दिवा पेटायचा, चढ लागला की मंद व्हायचा. तुमच्या इंजिनाच्या डाव्या कव्हरखाली तेच चाललेलं असतं. तांब्याच्या कॉइलभोवती चुंबक फिरतं आणि जितक्या वेगाने फिरेल तितकं कॉइलमधलं व्होल्टेज चढतं. मायकेल फॅरडेने १८३१ साली हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून जगातला जवळजवळ प्रत्येक जनरेटर याच तत्त्वावर चालत आला आहे. गाडीत एक रेग्युलेटर बसवलेला असतो, तो व्होल्टेज १३-१४च्या वर जाऊ लागलं की जादाची वीज अर्थमध्ये सोडून देतो. म्हणजे वरच्या बाजूला लगाम आहे, पण खालच्या बाजूला आधार कोणाचाच नाही. इंजिन मिनिटाला १२००-१४०० फेऱ्यांवर आलं की कॉइल जेवढं देईल तेवढ्यावर बल्बने भागवायचं.

यातून एक गोष्ट तुम्ही आज रात्रीच करू शकता, खर्च शून्य. खराब रस्त्यावर किंवा स्पीडब्रेकरपाशी हळू व्हायचं असेल तर वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवत नेऊ नका. एक गिअर खाली घ्या. वेग तोच राहील, इंजिनाचे फेरे वाढतील आणि दिवा स्थिर राहील. गाडीची स्लो कंपनीने सांगितल्यापेक्षा खाली उतरली असेल तर तीही जागेवर आणा. पेट्रोल वाचावं म्हणून ती फार कमी ठेवायची सवय खूप ठिकाणी आहे आणि तिची किंमत रात्री मोजावी लागते.

आता मोठ्या बल्बचं. तुमच्या गाडीत ३५/३५ वॅटचा बल्ब आहे, म्हणजे अप्परला ३५ आणि डिपरला ३५. कॉइल त्याच हिशोबाने गुंडाळलेली असते. तिच्यावर ६०/५५चा बल्ब टाकला तर तो जास्त करंट ओढू पाहतो, कॉइलला तेवढा देता येत नाही आणि व्होल्टेज खाली बसतं. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. त्यामुळे मोठा बल्ब टाकल्यावर, विशेषतः हळू चालताना, दिवा आधीपेक्षा लालसर आणि मंद दिसतो आणि माणूस म्हणतो की बल्बच डुप्लिकेट निघाला. शिवाय दोन्ही बल्ब दिसायला भाऊ असले तरी त्यांच्या बुडाच्या चकतीचे कान वेगळे असतात. गॅरेजमध्ये ते कानशीने घासून बसवतात. बल्ब तिरका बसला की फिलामेंट जागेवरून हलतं आणि रिफ्लेक्टरचं सगळं गणित बिघडतं. तेव्हा मोठा बल्ब नको. जुन्याच जातीचा, चांगल्या कंपनीचा नवा बल्ब मात्र घ्या. वापराने टंगस्टन उडून आतल्या बाजूने काचेवर बसतं आणि बल्ब चालू असला तरी उजेड घटलेला असतो. काच बोटाने धरू नका. बोटांचं तेल तापून तिथेच काच कमजोर होते. धरलीच तर स्पिरिटने पुसून घ्या.

खरा उजेड बहुतेक वेळा वायरिंगमध्ये अडकलेला असतो. हेडलाइटची पुढची रिंग काढा आणि बल्बच्या मागचा तीन पायांचा कपलर हलकेच ओढा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत काय दिसतं ते सांगतो. पांढरं प्लॅस्टिक एका पायाभोवती भाजून तपकिरी झालेलं असतं. पितळी पाती चमक हरवून काळपट झालेली, तर अर्थिंगच्या पातीवर हिरवट पावडर धरलेली. होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांत अर्थिंगची वायर हिरवीच असते, त्यामुळे तो गंज वायरच्या रंगात लपतो आणि नजरेतून सुटतो. तपकिरी डाग म्हणजे तिथे उष्णता निर्माण होते आहे आणि जी वीज तिथे उष्णता झाली ती बल्बपर्यंत पोचलेली नाही.

पाती बारीक पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सैल झालेली पाती पक्कडीने किंचित आवळा आणि बसवताना व्हॅसलिनचं बोट फिरवा. भाजलेला कपलर बदलाच, तो अगदी स्वस्तातला भाग आहे. मग अर्थिंगची वायर चॅसीला जिथे बोल्टने धरली आहे तिथला रंग आणि गंज काढून धातूला धातू लागेल असं करा. तिसरी जागा हँडलवरचा डिपर-अप्परचा स्विच. सगळा करंट या छोट्या स्विचमधून जातो आणि आत वर्षानुवर्षांची धूळ आणि पावसाचं पाणी असतं. इतकं करूनही दिवा रेस केल्यावरसुद्धा पिवळाच राहिला तर रेग्युलेटर आणि कॉइल तपासून घ्या. उलट बल्ब वारंवार उडत असेल तर रेग्युलेटर व्होल्टेज रोखत नाही किंवा त्याची अर्थिंग सुटली आहे. कॉइलचं एक टोक अर्थमधून सोडवून सगळा दिवा बॅटरीवर घेण्याचं काम काही ऑटो इलेक्ट्रिशियन करतात. त्याला वेगळा रेग्युलेटर लागतो आणि कॉइलची ताकद मोजूनच ते करावं लागतं. जाणकार हात मिळाला नाही तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

आणि आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात : मागे सोबती असतो. माझ्या मते तुमचा निम्मा उजेड तिथे जातो. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास आहे. मागे माणूस बसल्यावर मागचा शॉकअप आणखी ३ सेंटिमीटर दबला तर संपूर्ण गाडी, आणि तिच्याबरोबर हेडलाइट, दर मीटरला जवळपास अडीच सेंटिमीटर वर बघू लागतो. डिपरचा झोत खाली झुकलेला असतो तो एवढाच. म्हणजे सोबती बसला की तुमचा डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्त्यावर पडायचा उजेड उसाच्या तुऱ्यांवर पडतो. समोरचा मग चिडून अप्पर मारतो आणि तुम्ही दोघेही आंधळे होऊन एकमेकांच्या बाजूने जाता.

यावर इलाज भिंतीचा. शाळेची किंवा देवळाची सपाट भिंत आणि तिच्यापुढे सपाट जमीन शोधा. टायरमधली हवा बरोबर करून घ्या. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करा, तुम्ही बसा, सोबत्यालाही बसवा. तिसऱ्या माणसाकडून हेडलाइटच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून घ्या आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपर लावा. झोताची वरची कड, म्हणजे उजेड संपून अंधार सुरू होतो ती जागा, रेघेच्या साडेसात ते दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. हेडलाइटच्या बाजूचे बोल्ट किंवा खालचा स्क्रू सैल करून दिवा खाली-वर करा आणि पुन्हा घट्ट आवळा. दोघांची सवारी रोजचीच असेल तर आधी मागचे शॉकअप एक-दोन टप्पे कडक करा, मग हे माप घ्या.

एवढ्या बारकाव्याने का, ते पाहा. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे असं धरू. झोत मीटरला २ सेंटिमीटर झुकलेला असेल तर त्याची कड ४५ मीटरवर जमिनीला टेकते. तोच ४ सेंटिमीटर झुकलेला असेल तर साडेबावीस मीटरवर. भिंतीवर हा फरक केवळ दहा सेंटिमीटरचा दिसतो, रस्त्यावर तो निम्म्या नजरेचा असतो. गॅरेजमध्ये हेडलाइट काढून परत बसवला की हे माप बिघडतं आणि कोणी ते पुन्हा लावत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात हेडलाइटची ओळ असते, पण भिंतीपुढे गाडी उभी केलेली मी क्वचित पाहिली आहे. तुम्ही स्वतःच लावा.

हे सगळं केल्यावर तुमच्या दिव्यातून त्याच्या ताकदीइतका उजेड येईल. पण त्यालाही मर्यादा आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होत जातो. उजेड दुप्पट केला तरी तेवढाच स्पष्ट दिसण्याचं अंतर दुप्पट होत नाही, ते जेमतेम ४० टक्क्यांनी वाढतं. दुसऱ्या बाजूला थांबण्याचं अंतर पाहा. कोरडा डांबरी रस्ता, बरे ब्रेक आणि धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ताशी ६० किलोमीटरला गाडी थांबायला ५० मीटरच्या आसपास लागतात. ताशी ४०ला २७-२८ मीटर. वेग एक तृतीयांशाने कमी केला की लागणारी जागा जवळपास निम्मी होते. कोणताही बल्ब तुम्हाला इतकं देऊ शकत नाही.

उसाच्या ट्रॉलीच्या बाबतीत हे जिवावरचं आहे. वाळलेला पाला उजेड गिळतो, मागे दिवा नसतो, ट्रॉलीबाहेर आलेली मोळी हवेत तरंगत असते आणि बैलगाडी तर चालण्याच्याच वेगाने जात असते. ४५ मीटरच्या डिपरमध्ये ६०चा वेग बसत नाही. हंगामात त्या रस्त्याला ४०च्या वर जाऊ नका, आणि समोरून दिवे येत असतील तेव्हा त्याहून कमी. समोरच्या झोताकडे न बघता आपल्या डाव्या कडेवर नजर ठेवा. तुम्ही कारखान्यातलेच आहात, तर आणखी एक विनंती. रिफ्लेक्टरची पट्टी प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते. मोटारसायकलवर दिवा आणि डोळे जवळजवळ एकाच जागी असतात, त्यामुळे तुमच्या ३५ वॅटच्या दिव्यातही ती पट्टी खूप लांबून चमकते. गळीत हंगाम सुरू होताना कारखाने, पोलीस आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात, पण डिसेंबर-जानेवारीपर्यंत पट्ट्या चिखलाने माखलेल्या किंवा गळून पडलेल्या असतात. वजनकाट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीची मागची पट्टी एका ओल्या फडक्याने पुसली जाईल अशी व्यवस्था तुमच्या शेतकी विभागाकडून करवून घेता आली तर ती तुमच्या गावच्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुचाकीच्या हेडलाइटला बळ देईल.

प्रश्न : बाजारात जुन्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब मिळतात. मित्राने लावला आहे, पांढराशुभ्र उजेड पडतो. मी लावू का? पोलीस पकडतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लावू नका. पोलिसांचं नंतर बोलू, आधी तुम्हाला काय दिसतं ते बोलू.

जुना बल्ब हातात घेऊन उजेडासमोर धरा. आत दोन फिलामेंट दिसतील आणि त्यांतल्या एकाखाली पत्र्याची इवलीशी वाटी. वाटीवरचं फिलामेंट डिपरचं. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत खाली, रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरची प्रत्येक वळी त्या काही मिलिमीटरच्या तारेची जागा धरून कोरलेली आहे. तार मिलिमीटरभर हलली तरी झोत विस्कटतो. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप बसवलेल्या असतात. त्यांचा आकार वेगळा, उजेड फेकण्याची दिशा वेगळी. काही उत्पादक वाटीची नक्कल करतात, पण रिफ्लेक्टर एलईडीसाठी घडवलेलाच नाही.

परिणाम असा होतो की गाडीपुढच्या दहा-पंधरा मीटरवर चकचकीत पांढरा पट्टा पडतो. तो पाहून मन म्हणतं, किती उजेड! पण जवळ जास्त उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं अंधूक दिसू लागतं. धोका तर लांबच असतो. उरलेला प्रकाश वर उधळतो तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. ज्या रस्त्यावर दुभाजक नाही तिथे दिपलेला माणूस सरळ तुमच्याच दिशेने येत असतो, हे मित्रालाही सांगा. शिवाय जुन्या १०० सीसीवर, जिथे दिवा कॉइलवर चालतो, तिथे असले बल्ब लुकलुकतात आणि लवकर जातात.

कायद्याचं म्हणाल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४)प्रमाणे गाडीत परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दिव्याच्या झोताने समोरच्याचे डोळे दिपू नयेत, ही अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६व्या नियमात फार पूर्वीपासून आहे. आणि १ एप्रिल २०१७पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन चालू झालं की हेडलाइट लागलेलाच असतो, तो बंद करायची सोय नाही. म्हणजे बिघडलेला झोत दिवसरात्र दुसऱ्याच्या डोळ्यांत.

तुमच्या मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत कंपनीनेच एलईडी हेडलाइट दिला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रिफ्लेक्टर किंवा भिंग, चिप आणि थंड करणाऱ्या पाकळ्या एकत्र घडवलेल्या असतात आणि तो संपूर्ण दिवा चाचणीतून गेलेला असतो. अशा चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था तुमच्याच शहरात वेताळ टेकडीवर आहे. ती असेंब्ली तुमच्या गाडीला बसते का आणि चालते का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लेखी विचारा. नाना पेठेतल्या दुकानदाराचा तोंडी होकार पुरेसा नाही.

प्रश्न : माझी ३५० सीसीची गाडी आहे, बल्ब ६०/५५ वॅटचा. १००/९०चा टाकावा असं सगळे सांगतात. कोणी रिले लावायला सांगतात. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रिले लावा. १००/९०ने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो आणि ८ अँपिअरच्या आसपासचा करंट हँडलवरच्या नाजूक स्विचला भाजून काढतो. पुन्हा समोरच्याला त्रास आहेच, आणि असा बल्ब बेकायदा तर आहेच.

तुमचा दिवा बॅटरीवरचा, त्यामुळे तुम्हाला मीटरने नेमकं मोजता येतं. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करा, हेडलाइट लागलेला असू द्या. मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसला आणि काळी तार बल्बच्या कपलरमागे ज्या पायात वीज येते तिथे टेकवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग काळी बॅटरीच्या मायनसला आणि लाल कपलरच्या अर्थच्या पायाला. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग उत्तम आहे, रिलेवर पैसे घालू नका. पण समजा बॅटरीवर १३.८ आहेत आणि बल्बला १२.२च मिळताहेत, तर उजेडाचा तिसरा हिस्सा वायरमध्येच जळतो आहे.

रिलेमुळे स्विचवरचा भार जातो. स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, बल्बची वीज बॅटरीवरून जाड वायरने सरळ येते. डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले लागतात. ३० नंबरच्या पायाला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ हे इशाऱ्याचे. वायर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या, अर्थिंगही तेवढ्याच जाडीची आणि थेट बॅटरीच्या मायनसला. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. तो नसेल आणि हँडल वळताना वायर घासली तर आग लागते. तयार कपलर असलेला हार्नेस मिळतो, तोच वापरा. मूळ वायर कापू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीला आधी विचारा. मापातला उजेड मिळाल्यावर ६०/५५ वॅटचा साधा हॅलोजन किती पुरतो ते तुमच्या लक्षात येईल. प्रमाण १३.२ व्होल्टला त्याचा अप्पर १,६५० आणि डिपर १,००० ल्युमेनचा असतो. वरच्या माळशिरसच्या वाचकांच्या ३५ वॅटच्या हॅलोजनला त्याच व्होल्टेजवर ८२५ आणि ५२५.

प्रश्न : आंबोली घाटात पावसाळ्यात रात्री यावं लागतं. धुक्यात अप्पर लावला की आणखी दिसेनासं होतं आणि ओल्या रस्त्यावर दिवा लागला आहे की नाही तेच कळत नाही. पिवळी फिल्म लावली तर चालेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : धुक्याचा प्रत्येक थेंब प्रकाश चहूकडे उधळतो. अप्परचा झोत समोर आणि वर, तुमच्या नजरेच्याच रेषेत जातो, म्हणून तिथला सगळा उधळलेला प्रकाश परत डोळ्यांत येतो आणि पांढरी भिंत उभी राहते. डिपर रस्त्याला धरून असतो, म्हणून घाटात डिपरच. ओल्या रस्त्याचं कारण निराळं आहे. कोरडं डांबर खडबडीत असल्याने थोडा प्रकाश तुमच्याकडे परत पाठवतं. पाण्याचा पातळ थर आरशासारखा तो पुढे सोडून देतो. दिवा तितकाच जळत असतो, पण उजेड तुमच्याकडे फिरकत नाही आणि समोरून येणाऱ्याला मात्र तो दुप्पट लागतो.

पिवळा रंग धुकं भेदतो हा समज खरा नाही. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की सर्व रंग जवळपास सारखेच उधळले जातात. निळसर पांढऱ्या उजेडाच्या मानाने पिवळसर उजेड डोळ्यांना कमी टोचतो, एवढा फायदा आहे, आणि तो तुमच्या साध्या हॅलोजनच्या रंगात आधीच आहे. फिल्म लावून त्यातला काही भाग कापून टाकाल. त्यापेक्षा हेल्मेटची काच पाहा. रात्री रस्त्यावरच्या दिव्याकडे धरून बारीक चरे दिसले तर बदला, कारण प्रत्येक चरा समोरच्या दिव्याची रेघ ओढतो. काळी किंवा धुरकट काच रात्री नकोच. हेडलाइटची काचही थांब्यावर पुसत चला. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर बारीक वॉटर पेपर आणि पॉलिशने उजळते, पण वरचा संरक्षक थर गेल्याने पुन्हा लवकर पिवळी पडते. आतला रिफ्लेक्टर मात्र चुकूनही फडक्याने पुसू नका. त्याचा चंदेरी मुलामा इतका पातळ असतो की हाताबरोबर निघून येतो.

प्रश्न : वय ६१. गाडी तीच, दिवा तोच, रस्ता तोच, तरी दोन वर्षांत रात्रीचं कमी दिसू लागलं आहे. हेडलाइट बदलू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी डोळे तपासून घ्या. वयाबरोबर बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो आणि समोरचे दिवे गेल्यावर नजर सावरायला जास्त वेळ लागतो. दिव्यांभोवती वलय दिसत असेल तर मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. हे नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण दिवसा तक्ता वाचताना ते उघड होत नाही. पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे घेऊ नका. ते उजेड वाढवत नाहीत, आहे त्यातला कमीच करतात. नंबरच्या चष्म्याला प्रतिबिंबविरोधी कोटिंग करून घेतल्याने थोडा फरक पडतो. हेडलाइटचा बल्ब, कपलर आणि भिंतीवरचं माप यांचं वर सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. तपासणी होईपर्यंत मुक्कामाचं काम असेल तर मुक्काम करा, निघावंच लागलं तर उजेड असताना निघा.